खोका वाकडा दिसतोय? आधी चूक हाताची की नजरेची ते पाहा

चित्रात खोका वाकडा आला की नवशिके तो खोडून पुन्हा काढतात. चूक कुठे होती हेच कळलेले नसल्यामुळे दुसरा खोकाही बहुधा तसाच येतो. खोडू नका. लाल पेन आणि पट्टी घ्या आणि मागे जाणाऱ्या कडा पुढे वाढवून पाहा. एका दिशेच्या कडा ज्या ठरलेल्या बिंदूत मिळायला हव्यात त्याच्या, म्हणजे लोपबिंदूच्या, कधी वरून, कधी खालून जात असतील, तर हात अजून बसलेला नाही. सगळ्या एकाच तऱ्हेने चुकत असतील, म्हणजे लांब जाताना जवळ येण्याऐवजी फाकत असतील, तर हाताला दोष देऊ नका. घोळ यथादर्शनात, म्हणजे पर्स्पेक्टिव्हमध्ये (जवळचे-लांबचे जसे दिसते तसे कागदावर उतरवण्याच्या रीतीत) आहे.

हाताच्या चुका

मनगट कागदावर टेकवून लांब रेघ ओढली की पेन्सिलचे टोक कंपाससारखे फिरते आणि रेघेला कमान येते. साधारण 4-5 सेंमीपर्यंत मनगट पुरते. त्यापुढे कोपर हलवा आणि 15 सेंमीच्या वरची रेघ खांद्यातून ओढा. करंगळीची कड कागदाला नुसती टेकलेली, सरकती असू द्या.

दुसरी चूक तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या केसाळ रेघेची. नजर पेन्सिलच्या टोकावर खिळलेली असते, त्यामुळे हात दर सेंटिमीटरला दिशा दुरुस्त करत राहतो. 10 सेंमी अंतरावर दोन ठिपके द्या. पेन्सिल कागदाला न लावता त्या वाटेवरून दोन-तीनदा हवेत फिरवा, नजर शेवटच्या ठिपक्यावर ठेवा आणि मग एका दमात रेघ ओढा. ती ठिपक्याच्या 2-3 मिमी बाजूने गेली तर जाऊ द्या. सरळ पण थोडी चुकलेली रेघ सरावाने जागेवर येते. ठिपक्यापर्यंत थरथरत पोहोचलेल्या रेघेतून हात काहीच शिकत नाही. रेघ थरथरत असेल तर वेग थोडा वाढवा, ठिपक्याच्या फार पुढे जात असेल तर कमी करा. एखाद्याच दिशेची रेघ बिघडत असेल तर कागद फिरवून घ्या, त्यात कमीपणा नाही.

दाबून काढू नका. कागदाला चर पडतो आणि खोडरबराने शिसे गेले तरी चर राहतोच. 2बी पेन्सिल टोकापासून 5-6 सेंमीवर धरली की दाब आपोआप कमी होतो.

नजरेच्या चुका

क्षितिजरेषा म्हणजे दूरचे डोंगर नव्हेत. ती बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची असते, खोलीत बसून चित्र काढतानाही. तिच्या खाली असलेल्या वस्तूचा वरचा पृष्ठभाग दिसतो आणि मागे जाणाऱ्या कडा वर चढतात. तिच्या वरच्या वस्तूंचे उलटे. टेबलाचा वरचा पृष्ठभाग दिसतोय आणि क्षितिजरेषा मात्र टेबलाच्या पायांतून जातेय, असे चित्र पुढे कितीही रंगवले तरी सुधारत नाही.

सर्वांत जास्त खोके बिघडतात ते दोन्ही लोपबिंदू (खोक्याच्या डावीकडे आणि उजवीकडे मागे जाणाऱ्या कडा क्षितिजरेषेवर जिथे मिळतात ते बिंदू) कागदावरच बसवण्याच्या हट्टापायी. बिंदू एकमेकांपासून 12 सेंमीवर आणि खोक्याचा सर्वांत जवळचा, खालचा कोपरा क्षितिजरेषेच्या 7 सेंमी खाली: असा खोका जहाजाच्या नाळेसारखा टोकदार दिसणारच. नियम पाळले तरी. तपासायला दुसऱ्या कागदाचा काटकोनी कोपरा त्या खालच्या कोपऱ्यावर धरा. तिथून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या तळाच्या कडांमधला कोन 90 अंशांपेक्षा लहान भरला, तर बिंदू फार जवळ आहेत. कारण भूमितीतले आहे. दोन लोपबिंदू जोडणारी रेषा व्यास धरून वर्तुळ काढले, तर परिघावर तो कोन बरोबर 90 अंश होतो आणि वर्तुळाबाहेर त्याहून लहान. म्हणून कागद टेबलाला चिकटवा आणि लोपबिंदू कागदाबाहेर, टेबलावर लावलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवर, 60 सेंमी अंतराने घ्या. उभ्या कडा मात्र कागदाच्या कडेला समांतरच हव्यात.

पेल्याच्या तोंडाच्या लंबगोलाला दोन्ही टोकांना कोपरे काढू नका, तिथेही तो वळतोच. पेला डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तळाचा लंबगोल तोंडापेक्षा अधिक फुगीर दिसतो. सवयीने तळ सपाट काढला जातो. लंबगोलाचा लांब अक्ष पेल्याच्या मधल्या रेषेला काटकोनात हवा, पेला आडवा पडला असला तरी.

रस्त्याकडेच्या खांबांमधली अंतरे अंदाजाने कमी करत नेली की एखादा खांब हमखास पुढे-मागे होतो. पहिले दोन खांब काढा. त्यांचे शेंडे, तळ आणि मध्यबिंदू यांवरून लोपबिंदूकडे तीन रेषा न्या. पहिल्याच्या शेंड्यातून दुसऱ्याच्या मध्यबिंदूमार्गे रेषा ओढली की ती तळाच्या रेषेला जिथे छेदते तिथे तिसरा खांब. चौथ्यासाठी हेच दुसऱ्यापासून करा.

हे सगळे जमूनही चित्र उभे धरल्यावर वरचा भाग ताणलेला दिसत असेल, तर कागद टेबलावर सपाट ठेवून काढला असणार. वरचा भाग डोळ्यांपासून लांब पडतो, आखडलेला दिसतो आणि हात तो नकळत लांबवतो. बोर्डाखाली दोन जाड पुस्तके सरकवा आणि दर दहा मिनिटांनी चित्र उभे धरून पाहा.