कार्ड वाचू नका, पाटी वाचा: विमानाच्या बॅटरीवर पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

परभणीत काकांचं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. बारावीपर्यंत माझ्या एकूण एक शर्टाला ॲसिडची भोकं होती. एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनियरचा, कोर्स करून एका छोट्या हँगरला चिकटलो आणि बॅटरी रूम वाट्याला आली, तेव्हा वाटलं, हे तर घरचंच काम. लायसन्सच्या परीक्षेतलं मॉड्यूल ३, म्हणजे विजेचा पेपर, पहिल्याच फटक्यात निघालं होतं. हा तोरा दीड वर्ष टिकला.

गॉगल, हातमोजे, निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, हे तुम्हाला येतं असं धरतो. लेड-ॲसिड आणि निकेल-कॅडमियमची खोली, हत्यारं, अगदी फडकीसुद्धा वेगळी ठेवायची, हेही. एकाच हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या द्रावाची घनता मोजायची नळी) दोन्ही भागवणारा सीनियर भेटला तर त्याला चहा पाजा, पण त्याच्याकडून काही शिकू नका.

खाजगी विमानाचा त्रास वेगळा असतो. ते महिना-महिना उभं राहतं. उभ्या बॅटरीचा चार्ज आपोआप उतरतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि मालक म्हणतात, “स्टार्ट होतंय ना? मग?” स्टार्टरला काही सेकंदच पुरतात. हवेत अल्टरनेटर गेला तर रेडिओ आणि गरजेची उपकरणं खाली उतरेपर्यंत एकट्या बॅटरीवर ओढायची असतात. साधं पिस्टन इंजिन मॅग्नेटोवर, म्हणजे स्वतःची ठिणगी स्वतःच पाडून, चालत राहतं, पण कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाला वीज लागतेच. मार्च २००७ मध्ये जर्मनीत स्पायरला एका डीए-४२ च्या (दोन डिझेल इंजिनांचं छोटं विमान) बॅटऱ्या उतरल्या होत्या, म्हणून बाहेरून वीज देऊन इंजिनं सुरू केली. उडाल्यावर चाकं आत घेतली, व्होल्टेज क्षणभर पडलं आणि दोन्ही इंजिनं थांबली. ‘स्टार्ट होतंय ना’ म्हणणाऱ्यांना मी आता हीच गोष्ट सांगतो.

मल्टिमीटरवरही भाळू नका. व्होल्टेज झकास दाखवून लोडवर मान टाकणाऱ्या बॅटऱ्या काकांच्या दुकानात रोज यायच्या. कपॅसिटी टेस्टला पर्याय नाही.

आता माझी गोष्ट. चार आसनी विमान, २४ व्होल्टची सील्ड लेड-ॲसिड बॅटरी, मॅन्युअलप्रमाणे कपॅसिटी किमान ८५ टक्के. पूर्ण चार्ज करायची, एका तासाच्या दराने करंट काढायचा, २० व्होल्टला येईपर्यंत किती मिनिटं टिकते ते मोजायचं. ६० मिनिटं म्हणजे १०० टक्के. ५१ च्या आत बसली की बाद.

अशा दोन बॅटऱ्या होत्या, एकाच मेकच्या, पार्ट नंबरही एकच. सिरियल नंबरचे शेवटचे आकडे एकीचे ४१७, दुसरीचे ४७१. ४१७ विमानातली, ४७१ स्पेअर. नोव्हेंबरात ४१७ ने ५३ मिनिटं दिली होती. मे महिन्यात पुन्हा टेस्टला काढली. वीस मिनिटं झाली आणि लाइट गेली. (अशी अर्धी टेस्ट पुढे जोडायची नसते. पुन्हा पूर्ण चार्ज, पुन्हा शून्यापासून. ‘वीस अन् तीस पन्नास’ करणारे मी पाहिलेत.) जनरेटरच्या लाइनवर एकच पॉइंट चालू होता, तिथवर वायर पुरेना, म्हणून मी दोन्ही बॅटऱ्या टेबलावर इकडच्या तिकडे केल्या. बॅटऱ्यांवरच्या सिरियल नंबरच्या पाट्या भिंतीकडे गेल्या, नोंदींची कार्डं मात्र होती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी टेस्ट लावली, ५७ मिनिटं आली. सिरियल नंबर समोरच्या कार्डावरून शीटवर उतरवला, सर सुट्टीवर म्हणून दुसऱ्या सीनियरकडे नेलं, त्यांनी मान वर न करता सही केली. मग बॅटरी बसवताना मात्र इमानदारीत पाटी वाचली. ४१७. बसवली.

इथे नीट थांबा, कारण हा फास असा आहे की तो फास वाटतच नाही. विमानात ४१७, कार्डावर ४१७, शीटवर ४१७, तारीख बरोबर, मिनिटं खरी, सही खरी. कागदाला कागद जुळत होता. फक्त टेस्टरवर त्या दिवशी ४७१ होती. बसवताना मी पाटी वाचली, टेस्टच्या वेळी वाचली नाही. कार्डावरचा नंबर शीटवर लिहिला आणि त्याच शीटवरून कार्डावर निकाल चढवला. म्हणजे कार्डाला कार्डच साक्षीदार! न तपासलेली बॅटरी घेऊन ते विमान पंधरा दिवसांत तीनदा उडालं.

सर आले, कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, “कामून रे लेकरा, ही म्हातारी तरणी कशी झाली?”

माझं उत्तर तयार होतं. “सर, उन्हाळा. गरम बॅटरी टेस्टला जास्त टिकते.” ते खरंही आहे. उष्णतेने आयुष्य घटतं, पण त्या दिवसापुरती कपॅसिटी थोडी जास्त दिसते. थिअरी इतकी पक्की होती म्हणूनच मला शंका आली नाही.

“मग टेस्टच्या दिवशी बॅटरीचं तापमान किती?”

रकाना कोरा होता.

“टेस्टरवर कोणती होती?”

“४१७.”

“कशावरून?”

“कार्डावर आहे ना सर.”

“आणि कार्ड कुणी लिहिलं?”

दोन्ही पुन्हा टेस्टला लावल्या. ४७१ ने ५७ मिनिटं दिली. ४१७ ने ४६. म्हणजे ७७ टक्के. मालकांना फोन मलाच करायला लावला. सीएआर-एमप्रमाणे (डीजीसीएचे विमान देखभालीचे नियम) विमान उडण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे त्यांना कळवणं ही मेहरबानी नव्हे. ते चिडले, दोन मिनिटं बोलले, मग म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलं.” नोकरी गेली नाही. चूक स्वतः नेऊन दाखवली तर बहुतेक वेळा जात नाही, एवढा धीर देतो. मी तर नेलीही नव्हती, पकडलो गेलो होतो.

तेव्हापासून टेस्ट सुरू करताना पाटी आणि टेस्टरचा आकडा एकाच फोटोत घेतो, संपतानाही. पाटी भिंतीकडे असेल तर छोटा आरसा आणि टॉर्च. तापमान लिहितो, टेस्टरच्या कॅलिब्रेशनची तारीख लिहितो. ‘बॅटरी चेक्ड, ओके’ असं लिहिलेलं दिसलं की अजून पोटात गोळा येतो. चुकलेल्या नोंदीवर व्हाइटनर लावायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, सही, तारीख. ४१७ च्या कार्डावरचे माझे खोडलेले ५७ अजून स्वच्छ वाचता येतात. ‘आता लिहून टाक, नंतर बघू’ म्हणणाऱ्या सीनियरपासून लांब राहा. कागदावरून ओरडणारा मिळाला तर त्याचा जाच सोसा.

झाकणवाल्या बॅटरीचं थोडक्यात सांगतो. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे डिस्टिल्डच. टँकर-बोअरचं सोडाच, जारचं आरओसुद्धा नाही. निकेल-कॅडमियमला पाणी घालायचं ते चार्जच्या शेवटी, कारण पातळी तेव्हाच खरी दिसते. आणि लेड-ॲसिडला उन्हाळ्यात हायड्रोमीटर कमी दाखवतो. २७ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना ०.००४ मिळवा. ४३ अंशांना १.२६३ दिसलं तर ते खरं १.२७५ असतं. नवी पोरं आकडा पाहून घाबरतात आणि चांगल्या बॅटरीला ओव्हरचार्ज करून मारतात. मीही एक मारली आहे.

४१७ ची पाटी मी खिळ्याने खरवडली, वर लाल रंगाने ‘बाद’ लिहिलं आणि ती रिसायकलवाल्याच्या ढिगात ठेवली. काकांना कळल्यावर त्यांचा लगेच फोन, “फेकतोस कामून? इकडं पाठव, ट्रॅक्टरला लावू.” म्हटलं, काका, २४ व्होल्टची आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “मग अर्धीच पाठव.”