चंचल लक्ष्याचा प्रकार रडारच्या नोंदींवरून कसा ओळखावा

विमान अंशभर वळले तरी त्यावरून परतणारा रडारचा प्रतिध्वनी कित्येक पटींनी चढतो किंवा उतरतो. या चढउतारांचे चार प्रकार अमेरिकी रडार-सिद्धांतकार पीटर स्वर्लिंग यांनी 1954 मध्ये मांडले. लक्ष्यावर साधारण सारख्या ताकदीचे अनेक लहान परावर्तक असतील तर प्रकार 1 किंवा 2, आणि त्यांत एखादा ठळक असेल तर ढोबळमानाने 3 किंवा 4. प्रकार 1 व 3 मध्ये परावर्तन अँटेनाच्या एका फेरीत स्थिर राहून पुढच्या फेरीत बदलते, तर 2 व 4 मध्ये ते पल्सगणिक, म्हणजे रडारने सोडलेल्या लहरींच्या प्रत्येक छोट्या ठोक्यागणिक बदलते.

प्रथम सर्व नोंदी डेसिबलमधून साध्या शक्तीत आणाव्यात आणि प्रत्येकीला अंतराच्या चौथ्या घाताने गुणावे, म्हणजे लक्ष्य जवळ आल्याने झालेली वाढ चढउतारात मिसळत नाही. क्षीण नोंदी गाळण्याचा मोह मात्र आवरावा, कारण प्रकार ओळखण्याची खरी माहिती त्या पडत्या नोंदींतच असते.

त्यानंतर एकाच फेरीतील लागोपाठच्या पल्समधील सहसंबंध काढावा. तो 1 च्या जवळ असेल तर प्रकार 1 किंवा 3, शून्याजवळ असेल तर 2 किंवा 4. येथेच बहुतेकांची गफलत होते. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात एकाच काहिलीतले सगळे रवे चाखले तरी कळते ती त्या एका काहिलीची चव. त्याचप्रमाणे पहिल्या परिस्थितीत एका फेरीतील सर्व पल्स मिळून एकच स्वतंत्र नोंद धरावी लागते.

आता प्रत्येक स्वतंत्र नोंदीला सर्व नोंदींच्या सरासरीने भागून भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा आणि त्या लॉगरिदमांची सरासरी काढावी. प्रकार 1 व 2 साठी ती −0.577 च्या, तर 3 व 4 साठी −0.270 च्या आसपास येते. या दोन्ही गटांच्या (पहिला प्रकार 1 व 2 चा, दुसरा 3 व 4 चा) संभाव्यतांची तुलना केल्यास सीमारेषा −0.386 वर पडते. दहा नोंदींवर ही कसोटी वरचेवर फसते. शंभर स्वतंत्र नोंदी असतील तर चूक सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी राहते.

हा खटाटोप निष्फळ नाही. एका पल्सवर 90 टक्के शोधशक्यता आणि दशलक्षांत एक खोटा इशारा हवा असेल, तर स्थिर लक्ष्याला गोंगाटापेक्षा सुमारे 13.2 डेसिबल अधिक संकेत पुरतो, प्रकार 1 ला मात्र 21.1 डेसिबल लागतो.

कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांच्या हाती सहसा रडार नसते, पण संगणक असतो. 0 ते 1 मधील यादृच्छिक संख्येच्या लॉगरिदमचे चिन्ह उलटले की पहिल्या गटाची नोंद तयार होते, आणि अशा दोन नोंदींची बेरीज केली की दुसऱ्या गटाची. पुढे लहरीचा आयाम (उंची) व कला (फेज) दोन्ही धरून त्यात गोंगाट मिसळावा आणि तो वाढवत न्यावा. दुसऱ्या गटाची लॉगरिदमांची सरासरीही हळूहळू −0.577 कडे घसरताना दिसेल, कारण निव्वळ गोंगाटाच्या शक्तीचे वितरणही पहिल्या गटासारखेच घातांकी असते.