कळंबा-रंकाळ्यावर पाणपक्ष्यांची गणना कशी करावी

दर वर्षी जानेवारीच्या मध्यास आशियातील अनेक देशांत साधारण एकाच वेळी पाणपक्ष्यांची गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ मध्ये सुरू झाली. आपल्या देशात तिची धुरा वाहणाऱ्या संस्थांत मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, ही प्रमुख आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मुंबईत एकत्र येऊन या संस्थेची स्थापना केली आणि त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्याकडचे होते, याचा मला नेहमी अभिमान वाटतो. मात्र देशातील प्रत्येक तळ्यावर संस्थेचे शास्त्रज्ञ पोहोचू शकत नाहीत. रंकाळ्यावरचे, कळंब्यावरचे किंवा राजाराम तलावावरचे पक्षी कोल्हापूरच्या माणसानेच मोजायचे असतात, आणि ते कसे मोजावेत हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गणनेला जाणारा नवा माणूस बहुधा दुर्मीळ पक्ष्याच्या शोधात असतो. ते स्वाभाविक आहे, पण गणनेचे मोल त्यात नाही. त्याच तळ्यावर, त्याच वेळेस, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीतूनच पक्षी वाढले की घटले हे कळते. म्हणून पहिल्या वर्षी जी पद्धत ठरवाल ती पुढे निभावता येईल अशीच ठरवा. एका सकाळी चार तळी धावतपळत उरकण्यापेक्षा एकच तळे निवडून ते नीट मोजणे केव्हाही चांगले.

डिसेंबरमध्ये एकदा तळ्याला पूर्ण फेरी घालून थांबण्याच्या जागा नक्की कराव्यात. प्रत्येक जागेवरून पाण्याचा कोणता भाग दिसतो, तो कोणत्या खुणेपाशी संपतो आणि पुढच्या जागेचा भाग कोठे सुरू होतो, हे कागदावर साधा नकाशा काढून लिहून ठेवावे. सूर्य पाठीशी असणे अत्यंत आवश्यक आहे. रंकाळ्यावर सकाळी शहराच्या बाजूने शालिनी पॅलेसच्या दिशेने पाहिले, तर पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. उलट बाजूने पाहिले, तर सगळी बदके काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि ओळख पटत नाही. कळंब्यावर काठ वाकडातिकडा असल्यामुळे एखादी खाडी नजरेआड राहते, आणि अशा आडोशालाच अडई बदकांचा थवा विसावलेला असण्याची शक्यता असते.

साहित्य फार लागत नाही. आठ बाय बेचाळीस मापाची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटरचे असलेली, दुर्बीण पुरेशी होते. वहीत शाईपेक्षा पेन्सिलीने लिहावे, कारण जानेवारीच्या दवाने कागद ओलावतो आणि शाई पसरते. शक्य असल्यास दोघांनी जावे: एकाने दुर्बिणीतून नजर न हलवता आकडे सांगावेत आणि दुसऱ्याने ते लिहावेत.

वेळेचा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. जानेवारीत कोल्हापुरात सातच्या सुमारास सूर्य उगवतो. बगळे आणि पाणकावळे रात्री झाडांवर एकत्र मुक्काम करतात आणि उजाडताच पांगतात. गायबगळे तर ऊसतोड चालू असलेल्या शेतांकडे निघून जातात. नऊ वाजता पोहोचणाऱ्याला यांतले थोडेच दिसतील. दुसरीकडे, पाण्यावर दाट धुके असताना मोजणीला सुरुवात करणेही व्यर्थ आहे. धुके असल्यास थांबावे, ते विरल्यावर मोजणी करावी आणि सुरुवातीची खरी वेळ वहीत लिहावी. वेळ बदलली हे लिहिलेले असले, तर आकडा कमी का आला याचा अर्थ नंतर लावता येतो.

आता प्रत्यक्ष मोजणीविषयी. सुटे पक्षी एकेक करून मोजावेत. मोठा थवा असेल, तर त्यातले आधी दहा पक्षी नीट मोजावेत, तेवढ्यांनी किती जागा व्यापली आहे हे डोळ्यांत साठवावे आणि मग संपूर्ण थव्यात तशा किती जागा बसतात ते पाहावे. थवा फार मोठा असल्यास दहाऐवजी पन्नासाचा गट धरावा. थव्याच्या कडेला पक्षी विरळ आणि मध्ये दाट असतात, त्यामुळे केवळ कडेवरून काढलेला अंदाज नेहमी कमी भरतो. शक्य असल्यास छायाचित्र घेऊन घरी तो आकडा पडताळावा. एकदोन हिवाळ्यांत नजर चांगली तयार होते. मिश्र थव्यात प्रत्येक जातीसाठी वेगळी नजर फिरवावी: आधी फक्त वारकरी (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी), मग फक्त हळदी-कुंकू बदके, मग थापट्या बदके. टिबुकली सतत बुड्या मारते, म्हणून तिची मोजणी काही मिनिटांच्या अंतराने तीनदा करून त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यावा.

दुबार मोजणी ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. पहिल्याच वर्षी मी एका काठावरून वारकऱ्यांचा थवा मोजला, तो घारीच्या सावटाने उठून पलीकडे जाऊन बसला, आणि पलीकडे गेल्यावर मी तोच थवा पुन्हा मोजला. घरी बेरीज करताना ते ध्यानात आले, आणि दोन्ही आकडे खोडून त्या जातीपुढे ‘मोजणी अविश्वसनीय’ असे लिहावे लागले. तेव्हापासून थवा उडाला की त्याची दिशा, वेळ आणि अंदाजे संख्या मी लगेच टिपून ठेवतो. तळ्याभोवती फिरण्याची दिशाही दर वर्षी एकच ठेवावी.

ओळख पटली नाही, तर ओढूनताणून नाव देऊ नये. ‘न ओळखलेले बदक’, ‘न ओळखलेला तुतवार’ अशी नोंद पूर्णपणे ग्राह्य असते. एखाद्या जातीचा पक्षी आढळला नाही, तर तेही महत्त्वाचे आहे, म्हणून दिसलेल्या सर्व जाती लिहाव्यात. घार, टिटवी, धोबी हे नेहमीचे म्हणून वगळू नयेत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. नेहमीच्या पक्ष्यांची साधी नोंद तिथे जितकी उपयोगी पडते, तितकी एखाद्या पाहुण्या पक्ष्याची एकटी नोंद पडत नाही.

पक्ष्यांबरोबर तळ्याची स्थितीही लिहावी: पाणी किती खाली गेले आहे, जलपर्णी किती पसरली आहे, मासेमारी, कपडे धुणे, सांडपाणी, मोकाट कुत्री. हे पाहिल्याप्रमाणे लिहावे, त्यात आरोपाचा सूर नसावा. घरट्याजवळ जाणे, थवा उडवून छायाचित्र घेणे किंवा मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणे, हे गणनेत मुळीच करू नये.

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा मानेत पट्टा दिसला, तर अधिक सावध व्हावे. १९५९ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने पक्षी पकडून कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये सापडलेल्या तापाचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांबरोबर येतो का, हा प्रश्न त्यामागे होता आणि जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. रोगाच्या शोधासाठी सुरू झालेल्या या कामातून पक्ष्यांच्या प्रवासाचे मार्ग उलगडत गेले. मंगोलियात मानेत पट्टे घातलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी) भारतातील तळ्यांवर आढळले आहेत. असा पक्षी दिसल्यास अक्षरे आणि अंक त्याच क्रमाने टिपावेत, कडे कोणत्या पायात आहे, पट्ट्याचा रंग कोणता, ठिकाण, तारीख व वेळ लिहावी आणि दुरून छायाचित्र घ्यावे. जिवंत पक्ष्याला पकडण्याचा प्रयत्न करू नये. मेलेला पक्षी आढळल्यास त्याला उघड्या हाताने स्पर्श न करता वन विभागाला कळवावे.

घरी आल्यावर त्याच दिवशी वहीतले आकडे स्वच्छ उतरवून घ्यावेत, गणनेच्या समन्वयकांकडे नोंदींचा तक्ता पाठवावा आणि तीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरताना सुरुवातीची वेळ, कालावधी आणि चाललेले अंतर अचूक द्यावे. मूळ वही आणि थांबण्याच्या जागांचा नकाशा टाकून देऊ नये. पुढच्या जानेवारीत आपल्याला जाता आले नाही, तर जो कोणी जाईल त्याच्या हाती हे दोन्ही द्यावेत, म्हणजे तोही त्याच खुणांपाशी थांबून तीच पाण्याची पट्टी मोजेल.