कम्फर्टर घेताना आणि धुताना या चुका टाळा

दुकानात कम्फर्टर, म्हणजे आत पॉलिस्टर फायबर भरलेलं पांघरूण, हाताने दाबून बघायचा, फुगीर लागला की घ्यायचा. पहिली चूक इथेच होते. ऊब मुख्यतः किती फिलिंग भरलंय यावर ठरते आणि त्याचं माप म्हणजे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती ग्रॅम. एसी 24 वर ठेवून झोपणाऱ्या मुंबईकरांना 100 ते 150 पुरतं, पुणे-नाशिकच्या हिवाळ्याला 200 ते 250. त्यापुढचा जाड कम्फर्टर किनारपट्टीवर घेतला तर रात्री घामाने जाग येते.

पाकिटावरचा आकडा मात्र पडताळून घ्या, कारण कधी तो फिलिंगचा असतो, तर कधी वरचं कापड धरून एकूण. 90 × 100 इंची डबल कम्फर्टरचं क्षेत्रफळ साधारण 5.8 चौरस मीटर भरतं. 200 जीएसएम फिलिंग असेल तर नुसत्या फिलिंगचं वजन 1,160 ग्रॅम झालं. वर दोन्ही बाजूंच्या मायक्रोफायबर कापडाचं किलोभर धरा. म्हणजे एकूण वजन सव्वादोन किलोच्या आसपास हवं. वजन दीड किलोच असेल, तर फिलिंग 100 जीएसएमच्याही आत आहे.

शिलाईही बघा. टाक्यांचे चौकोन 8-10 इंचांपेक्षा मोठे असतील तर दोन-तीन धुण्यांत फायबर सरकतो, कोपऱ्यात गोळे होतात आणि मधे नुसतं कापड उरतं.

मापाची चूक दोघांच्या बेडवर हमखास होते. 72 इंच रुंद बेडवर 90 इंची कम्फर्टर दोन्हीकडे जेमतेम 9 इंच उतरतो. एकाने कूस बदलली की दुसरा उघडा. 108 इंची घ्या, नाहीतर सरळ दोन सिंगल. एकाला थंडी जास्त वाजत असेल तर दोन सिंगलच बरे.

सगळ्यात जास्त कम्फर्टर खराब होतात ते धुण्यात. मशीन 7 किलोचं आहे आणि कम्फर्टर सव्वादोन किलोचा, म्हणून तो मावेल असं नाही. इथे वजनापेक्षा जागा महत्त्वाची. कोरडा कम्फर्टर ड्रममध्ये टाकल्यावर वर एक तृतीयांश जागा मोकळी राहिली पाहिजे. कोंबून भरला तर साबण आतच राहतो. वाळल्यावर कडक चट्टे आणि कुबट वास त्याचेच. टॉप लोडमध्ये पीळ बसून टाके तुटतात, त्यामुळे शक्य असेल तर फ्रंट लोडच वापरा. उसवलेले टाके धुण्याआधी शिवून घ्या. पाणी 30 अंश, लिक्विड डिटर्जंट नेहमीच्या निम्मं, एक जादा रिन्स, स्पिन 800 पर्यंत. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून फायबर चिकटतात. जयपुरी रजईसारखं आत सुटा कापूस असलेलं काही मशीनमध्ये घालूच नका. कापूस भिजला की त्याचे गठ्ठे होतात. त्याला फक्त ऊन दाखवायचं.

वाळत घालताना एकाच दोरीवर घडी टाकली तर ओलं फिलिंग खाली उतरतं. हातभर अंतरावरच्या दोन-तीन दोऱ्यांवर आडवा पसरा, दर दोन तासांनी उलटा करा आणि झटका. गोळे झालेच तर अर्धवट ओला असतानाच बोटांनी सोडवा. वरून कोरडा लागला तरी मधला चौकोन चिमटीत धरून बघा. गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात म्हणून धुवायला काढूच नका, मे महिन्यातच उरका. एरवी खोळ घालून वापरला आणि खोळ दोन आठवड्यांनी धुतली, तर कम्फर्टर वर्षातून एक-दोनदा धुतला तरी चालतो. खोळीत तो सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना आतून नाड्या शिवा.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको. ओल कोंडून बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळा, वर जड गाद्या रचू नका. पॉलिस्टरला कसर लागत नाही, तेव्हा डांबरगोळ्यांची गरजच नाही. त्यांचा वास मात्र आठवडाभर जात नाही.