नाशिकला शिफ्ट व्हायचं की नाही, ठरवायचं कसं

पावसाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी त्र्यंबकला नाहीतर गंगापूर धरणाकडे फिरायला येतात, हिरवे डोंगर बघतात, मिसळ खातात आणि परत जाताना गाडीतच ठरवून टाकतात की बस, आता नाशिकलाच घर घ्यायचं. शहर राहण्यासारखं आहेच, मी इथेच वाढले आणि मला दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही, पण ऑगस्टमधल्या एका शनिवारवरून पुढच्या वीस वर्षांचा निर्णय घेऊ नका, एवढं मनापासून सांगते.

सगळ्यात आधी नोकरी. सातपूर-अंबड एमआयडीसी, सिन्नर, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडचे नोटा-स्टॅम्प छापणारे सरकारी प्रेस, म्हणजे प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम असल्या लाइनमध्ये असाल तर इथे ऑप्शन आहेत, एक कंपनी सुटली तरी दुसरी बघता येते. आयटीत असाल तर हिंजवडीसारखं नाही हो इथे, की या गेटमधून बाहेर पडलं आणि समोरच्या गेटमध्ये इंटरव्ह्यू दिला. वर्क फ्रॉम होमच्या भरवशावर येणाऱ्यांनी तर एचआरकडून मेलवर लिहून घ्या, ऑफिसला महिन्यातून किती दिवस यावं लागेल आणि हा नियम बदलला तर किती आधी सांगणार. मॅनेजर तोंडी 'अरे जा बिनधास्त' म्हणाला असेल तर ते धरू नका, मॅनेजरही बदलतो.

आता अपडाऊनचं. 'पंचवटी एक्सप्रेसने रोज जाऊ ना मुंबईला' असं म्हणणारे खूप आहेत, आणि पासवाले वर्षानुवर्षं जातातही, त्यांचे ग्रुप आहेत, गाडीत वाढदिवस होतात, सगळं खरं. पण गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते, सीएसएमटीला पोचेपर्यंत पावणेअकरा होतात, संध्याकाळी सव्वासहाला परत निघालात की घरी येईपर्यंत रात्रीचे दहा, आणि घर गंगापूर रोडला असेल तर नाशिकरोड स्टेशन काही जवळ नाही, सकाळी त्यासाठी वेगळं निघायचं. म्हणजे मुलं तुम्हाला फक्त रविवारी जागी दिसणार. आठवड्यातून एक-दोन दिवस जायचं असेल तर जमतं, रोजचं असेल तर मी तरी नको म्हणेन. समृद्धी महामार्ग जून २०२५ ला भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला, इगतपुरीहून चढलं की कसारा घाट वाचतो, मोठा फरक पडलाय, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहे तिथेच आहे, त्यामुळे टोल आणि पेट्रोल धरून महिन्याचा खर्च आधी काढा. पुण्याचं तर अजून अवघड, अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, सिन्नर-संगमनेरपर्यंत बरं जातं आणि चाकणला अडकलात की अडकलात. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेची चर्चा आम्ही कितीतरी वर्षं ऐकतोय, तिच्या भरवशावर फ्लॅट बुक करू नका.

आणि हे बघताना फक्त एकाची नोकरी बघितली जाते ना, तिथे मला फार वाईट वाटतं. नवऱ्याची बदली झाली किंवा त्याला इथे चांगली ऑफर आली की बायकोने 'बघू नंतर काहीतरी' म्हणत स्वतःची नोकरी सोडायची, आणि ते नंतर येतच नाही. माझ्या ओळखीत अशा तीन-चार जणी आहेत, शिकलेल्या, मुंबईत चांगल्या पोस्टवर होत्या. म्हणून ज्या व्यक्तीची नोकरी सुटणार आहे तिने शिफ्ट व्हायच्या आधी इथे अर्ज टाकावेत, दोन-तीन ठिकाणी इंटरव्ह्यू द्यावेत, आणि काय पगार मिळतोय तो आकडा कागदावर येऊ दे. मग दोघांचे इथले पगार मिळून घराचा हिशोब करा, एकाचा पगार आणि 'इथे भाडं कमी' असा अर्धा हिशोब करू नका. भाडं कमी आहेच, पण लोकल नाही, सिटीलिंकच्या बस आहेत तरी सगळीकडे वेळेवर मिळतील असं नाही, त्यामुळे घरात जेवढी मोठी माणसं जवळजवळ तेवढ्या टू-व्हीलर लागतात, शिवाय मुंबईच्या फेऱ्या, तिकडची लग्नं, तिकडचे डॉक्टर, हे सगळं त्यात धरा.

आईवडील बरोबर येणार असतील तर त्यांना 'चला' म्हणायच्या आधी विचारा तरी. त्यांचं कट्ट्यावरचं मित्रमंडळ, भजनी मंडळ, ओळखीचा मेडिकलवाला, हे सगळं तिकडे राहतं. नाशिकला हॉस्पिटलं भरपूर आहेत, तरी एखादी मोठी ट्रीटमेंट चालू असेल तर तिकडच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की फॉलोअप इथे कोणाकडे होईल. मुलांचं म्हणाल तर नववी-दहावीत हलवू नका, बाकी जूनचं धरून ॲडमिशनची चौकशी आदल्या डिसेंबरपासूनच सुरू करा.

आता येऊन बघायचं कसं. मे महिन्यात या. नाशिक थंड असं सगळे म्हणतात, ती थंडी डिसेंबर-जानेवारीतली, निफाडचा पारा तेव्हा पेपरात येतो, एप्रिल-मेमध्ये मात्र इथे चाळीसच्या आसपास जातं आणि वरच्या मजल्यावरचा पश्चिमेचा फ्लॅट दुपारी अक्षरशः भाजतो. सुट्टी टाकून आठवडाभर या, हॉटेलात नको, जिथे घर घ्यायचं त्याच भागात कोणाकडे तरी राहा. सोमवार-मंगळवारी सकाळी त्या घरापासून कंपनीपर्यंत स्वतः गाडी चालवत जा, संध्याकाळी द्वारका सर्कल किंवा मुंबई नाक्यावरून परत या, मग कळेल. पाणी मनपाचं किती वेळ येतं की टँकर मागवावा लागतो हे बिल्डरला नाही, खालच्या वॉचमनला आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंना विचारा.

एरियाचं थोडक्यात सांगते. कॉलेज रोड, गंगापूर रोड महाग पण सगळं जवळ. इंदिरानगर, पाथर्डी फाटा अंबडवाल्यांना सोयीचं. सिडको, म्हणजे नवीन नाशिक, गजबजलेलं पण बजेटमध्ये. मुंबईला वरचेवर जायचं असेल तर सरळ नाशिकरोड, उपनगर, जेलरोड बघा. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे मळ्यांमधून नवीन स्कीम होतायत, शांत आहे, हवा छान, पण मळ्याच्या कडेने बिबट्या दिसल्याच्या बातम्याही येतात, तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर रस्त्यावर लाइट आहेत का ते रात्री जाऊन बघा.

नदीचा व्ह्यू म्हणून कोणी फ्लॅट दाखवला तर पूररेषा विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. २००८ आणि २०१६ चा पूर इथल्या लोकांना चांगला आठवतो. रामकुंडाजवळ गोदावरीत दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, तिच्या छातीपर्यंत पाणी आलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायची घाई सुरू होते, आणि नासर्डी, वालदेवी या नद्यांच्या काठालाही पाणी चढतं. पुराची निळी रेषा, लाल रेषा कुठून जाते ते मनपाच्या नगररचना विभागात कळतं, आणि महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून कागदपत्रं बघा. त्यातच २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरला, तेव्हा पंचवटी, रामकुंड, तपोवन भागात गाड्या बंद, रस्ते बंद, त्यामुळे त्या बाजूला घर घ्यायचं असेल तर तेवढे महिने ऑफिस-शाळेला कसं जाणार ते आधीच बोलून ठेवा.

आणि एवढं सगळं करून 'हो' आलं तरी लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करा, रजिस्टर करून, मुंबईचं घर विकू नका, भाड्याने द्या. एक पूर्ण वर्ष इथे काढा, एक उन्हाळा, एक पावसाळा, एक थंडी, आणि रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला जुना हौद) जाऊन या कारण आमच्याकडे खरा रंग धुळवडीला नाही, त्या दिवशी असतो, तिथेच चार ओळखी होतात. दहाव्या महिन्यात घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारा, राहायचं का, सासूबाईंनाही आणि आठवीतल्या मुलीलाही. कोणी एक जरी गप्प बसलं तर घर बघणं थांबवा आणि ॲग्रीमेंट आणखी अकरा महिन्यांसाठी रिन्यू करा.