एका संध्याकाळी तीन बॅले: कुठे बसावं, काय पाहावं

मिश्र कार्यक्रमाचं तिकीट काढताना आधी यादी बघा, किंमत मग. समजा यादीत तीन नृत्यरचनाकारांचे बॅले आहेत: जॉर्ज बॅलनशीनचा 'सेरेनेड', जेरोम रॉबिन्सचा 'फॅन्सी फ्री' आणि ट्वायला थार्पचा 'इन द अप्पर रूम'. तिन्हींना एकच खुर्ची सोयीची नसते. पहिल्या बाल्कनीच्या मधल्या पुढच्या रांगा हा त्यातल्या त्यात बरा तोडगा.

'सेरेनेड' (१९३४) वरूनच पाहावा. पडदा उघडतो तेव्हा १७ नर्तकी उजवा हात वर करून स्तब्ध उभ्या असतात. खालून पुढच्या मुलींच्या आड मागच्या लपतात आणि रचनेची नक्षी कळतच नाही. मग हात हळूहळू खाली येतात आणि सरळ ठेवलेली पावलं एकदम बाहेर वळतात: बॅलेची 'फर्स्ट पोझिशन'. तो क्षण चुकला की बरंच चुकलं, म्हणून वेळेआधी पोहोचा. उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी मध्येच आत सोडत नाहीत. पुढे एक मुलगी उशिरा येऊन आपली जागा शोधते, एक पडते. गडबड झाली असं समजू नका. तालमीत घडलेले असे प्रसंग बॅलनशीनने तसेच ठेवले.

घरी 'सेरेनेड'चं संगीत, म्हणजे चायकोव्हस्कीची मूळ रचना, ऐकून जाणार असाल तर शेवटचे दोन भाग उलट क्रमाने लावा. बॅलनशीनने वेगवान अखेर आधी घेतली आणि संथ 'एलिजी' शेवटी. हे माहीत नसलं की लोक धडाक्याच्या शेवटाला टाळ्या वाजवून पर्स उचलतात.

'फॅन्सी फ्री' (१९४४) चेहऱ्यांचा खेळ आहे, दुर्बीण इथे काढा. युद्धकाळातल्या न्यूयॉर्कमधला एक बार, सुट्टीवर आलेले तीन खलाशी आणि मुली दोन. सगळा तिढा या हिशेबातच आहे. मुलींवर छाप पाडायला तिघे एकेकटे नाचतात. पहिला उड्या आणि कसरतींचा, दुसरा वॉल्ट्झवर हळवा, तिसरा लॅटिन ठेक्याच्या डान्झोनवर. हा तिसरा नाच मूळ प्रयोगात रॉबिन्स स्वतः नाचला होता. संगीतकार बर्नस्टाइनचा ठेका खांदे आणि कंबर कशी पकडतात ते बघा, पाय आपोआप दिसतील. रस्त्यात मुलीची पर्स हिसकावून झेलाझेली करण्याचा प्रसंग मात्र आज खटकतो. खटकू द्या. अगदी कडेच्या खुर्च्या टाळा, बारच्या नेपथ्याचा काही भाग दिसत नाही.

'इन द अप्पर रूम' (१९८६) फिलिप ग्लासच्या संगीतावरचे नऊ भाग, सुमारे ४० मिनिटं. इथे बुटांवर नजर ठेवा: काहींच्या पायात स्नीकर, काहींच्या लाल पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बॅलेचे बूट. दोन्ही गटांची चाल वेगळी आहे, ती ओळखता आली की पसारा सुटसुटीत होतो. जेनिफर टिप्टनच्या प्रकाशयोजनेत नर्तक धुरातून अचानक उमटतात आणि तसेच विरतात, त्यामुळे कोण कुठून आला हे शोधत बसू नका. धुराचा त्रास होत असेल किंवा दमा असेल तर पुढच्या रांगा घेऊ नका.