लेयर बदलताना ग्राउंड व्हाया शेजारीच द्या
सर्किट बोर्डावर (पीसीबी) हाय-स्पीड सिग्नल व्हायातून, म्हणजे लेयर जोडणाऱ्या तांबं चढवलेल्या छिद्रातून, एका लेयरवरून दुसऱ्यावर उतरवला की त्याच्या रिटर्न करंटलाही (परतीच्या प्रवाहालाही) खाली उतरायला वाट लागते. दोन्ही लेयरचे रेफरन्स प्लेन (ज्यांतून हा करंट परततो ते तांब्याचे सलग थर) ग्राउंडचे असतील, तर सिग्नल व्हायाला खेटून, शक्यतो 1 मिमीच्या आत, ग्राउंड व्हाया ठेवा. डिफरेन्शियल जोडीला (एकच सिग्नल सुलट-उलट नेणाऱ्या दोन ट्रेसना) दोन्ही बाजूंना एकेक. बोर्डाच्या कडेचं स्टिचिंग, म्हणजे ग्राउंड व्हायांची रांग, सिग्नलच्या तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतकं दाट असावं. एफआर-4 या बोर्डाच्या नेहमीच्या काच-इपॉक्सी साहित्यावर 5 गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 30 मिमी भरते, म्हणजे अंतर दीड मिमी. खरा घात मात्र सिग्नल व्हाया एका रांगेत चिकटवल्यानं होतो: अँटिपॅड (व्हायाभोवती प्लेनमध्ये तांबं काढून ठेवलेली मोकळी जागा) एकमेकांत मिसळतात, ग्राउंड प्लेनमध्ये लांब चीर पडते आणि रिटर्न करंटला वळसा घालावा लागतो. दोन अँटिपॅडमध्ये तांबं उरलंच पाहिजे. गर्बर (बोर्ड बनवायच्या फाइली) कारखान्याला पाठवण्याआधी प्लेनचा लेयर एकटा उघडून नीट बघा.